कॉलेजच्या उंबरठ्यापर्यंत

दहावीचा निकाल लागला की अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी आठवडाभर दुसरा विषय निघत नाही. चौकाचौकांतले फलक शिकवणी वर्गांच्या जाहिरातींनी भरून जातात आणि गुणवंत मुलांची हार घातलेली छायाचित्रे दुकानांच्या पाट्यांवर चढतात. एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला नांदेड. मुलाला कोठे धाडावे, हाच प्रश्न घराघरांत घोळत असतो. अशाच एका संध्याकाळी आमच्या ओळखीचे एक शेतमजूर गृहस्थ मुलाची गुणपत्रिका घेऊन भेटावयास आले. मुलगाही बरोबर होता. बोलता बोलता ते म्हणाले, "फादर, पुण्या-मुंबईला आपल्या फादर लोकांच्या पोरांच्या मोठ्या शाळा हायेत. तिथनं पोरगं सरळ कॉलेजात जायचं म्हणं. मग तसली शाळा आपल्या भागात का निघाली न्हाई?"

त्या वेळी आम्ही काही तरी थातूरमातूर उत्तर दिले. पण प्रश्न मनातून जाईना. त्याचे खरे उत्तर देण्यासाठी बरेच मागे जावे लागते, अगदी सोळाव्या शतकापर्यंत. आणि ते उत्तर आम्हां धर्मगुरूंना सर्वस्वी सुखावणारे नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

मुलांना विद्यापीठासाठी तयार करणारी कॅथोलिक शाळा ही मूळची येशूसंघाची देणगी. संत इग्नाशियस यांनी संघ स्थापला तेव्हा शाळा चालविण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. परंतु १५४८ साली सिसिलीतील मेस्सिना शहराच्या नागरिकांनी आग्रह धरला आणि तेथे प्रापंचिकांच्या मुलांसाठी पहिले विद्यालय निघाले. पुढे पन्नास वर्षांत अशा विद्यालयांचे जाळे युरोपभर पसरले. शाळा वाढल्या तशी एका सामाईक नियमावलीची गरज भासू लागली आणि अनेक वर्षांच्या चर्चेनंतर १५९९ साली 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही शिक्षणसंहिता प्रसिद्ध झाली. खालचे व्याकरण, मधले व्याकरण, वरचे व्याकरण, मग साहित्य आणि शेवटी वक्तृत्व, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी वर चढावयाचा. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीवर पाय ठेवायचा नाही. वर्गाचे दोन गट पाडून त्यांच्यात प्रश्नोत्तरांची चुरस लावायची, दर आठवड्याला झालेल्या अभ्यासाची उजळणी करावयाची, वर्षाअखेरीस नाटक बसवावयाचे, या सगळ्या गोष्टी त्या संहितेत आहेत. आज आपण ज्यांस इयत्ता, परीक्षा, बक्षीस समारंभ म्हणतो त्यांचा बराचसा सांगाडा तेथूनच आला. शाळा अर्थातच फक्त मुलग्यांची. त्या काळी दुसरी कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे.

या विद्यालयांची एक गोष्ट मात्र आज फारशी कोणास ठाऊक नसते. तेथे फी नव्हती. प्रभूने शिष्यांना जे विनामूल्य मिळाले ते विनामूल्य देण्यास सांगितले, तो नियम इग्नाशियस यांनी शिक्षणालाही लावला. एखाद्या राजाने, बिशपने किंवा नगरसभेने जमीन अथवा ठेव देऊन विद्यालयाचा खर्च कायमचा भागवावा आणि मग सरदाराचा मुलगा व चांभाराचा मुलगा एकाच बाकावर बसावा, अशी ती योजना होती. बाकावर प्रत्यक्षात कोण बसले हा वेगळा विषय. लॅटिन शिकण्याइतकी वर्षे ज्याच्या घरी सवड असेल तोच तेथे टिकणार. तरीही दारात पैसे मागणारा कोणी नव्हता.

आपल्या किनाऱ्यावरही हे वारे लवकर आले. गोव्यातील सेंट पॉल कॉलेजचा आरंभ १५४१ सालचा. आशिया-आफ्रिकेतील निरनिराळ्या जमातींच्या मुलांना धर्मसेवेसाठी तयार करावे, या हेतूने ते निघाले आणि थोड्याच वर्षांत येशूसंघाच्या हाती आले. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली त्याच कॉलेजात बसला. साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी आयुष्य वेचले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि लॅटिनमध्ये घडलेल्या त्या विद्वानाने ख्रिस्तपुराण रचले ते मात्र मराठीत, आणि ते १६१६ साली छापले गेले. लॅटिन शाळेत शिकलेला मनुष्य इथल्या लोकांच्या भाषेत किती खोलवर उतरू शकतो, याचा हा पुरावा आहे. तो आम्ही मुद्दाम येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

१७५९ साली पोर्तुगीज सरकारने येशूसंघीयांना गोव्यातून हाकलले. १७७३ साली पोपनीच संघ विसर्जित केला. १८१४ साली तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा जुन्या ठेवी आणि जमिनी नाहीशा झाल्या होत्या. विनामूल्य शाळा चालविणार कशाच्या बळावर? अखेरीस १८३३ साली संघाचे सर्वाधिकारी फादर रोथान यांनी पोपकडून सवलत मिळविली आणि येशूसंघाच्या शाळांना विद्यार्थ्यांकडून फी घेण्याची मुभा मिळाली. संघाच्या इतिहासात हे वाक्य दोन ओळींत आटोपते. आमच्या मते मात्र हिंदुस्थानातील आपल्या शाळांचे पुढचे रूप त्या दोन ओळींनीच ठरविले.

येशूसंघाकडे १८५४ साली पुण्याचे व १८५८ साली मुंबईचे मिशन आले. त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण जाहीर केले. मिशनरी शाळाही त्यास पात्र ठरल्या, मात्र सरकारी तपासणी मान्य करावी लागे. आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक ही शाळेची अखेरची परीक्षा, असे आपण पुढे समजू लागलो. वास्तविक ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती, कॉलेजच्या दारावरचा पहारा. ज्या शाळेची मुले त्या पहाऱ्यातून पार होतील ती शाळा मोठी, हे समीकरण तेव्हापासूनचे.

हा काळ लक्षात घेतला म्हणजे पुढील सनावळीचा अर्थ उलगडतो. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३, माझगावची सेंट मेरीज १८६४, पुणे कॅम्पातील सेंट व्हिन्सेंट्स १८६७, मुंबईतील सेंट झेवियर्स १८६९. अवघ्या सात वर्षांत चार शाळा. सेंट झेवियर्सच्या नावाचे कॉलेजही त्याच १८६९ सालचे. म्हणजे एका हाताने मुलाला मॅट्रिकपर्यंत न्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला कॉलेजात उचलून घ्यायचे, अशी ती पूर्ण मांडणी होती. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुणे मुंबईला जोडले गेले. कॅम्पात लष्करी व रेल्वेतील कॅथोलिक कुटुंबे होती, शहरात गोवेकर व ईस्ट इंडियन कारकून होते, आणि इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून उत्सुक असलेले पारशी व हिंदू पालकही होते. शाळा भरण्यास वेळ लागला नाही.

शिक्षकांचा प्रश्न सोडविला तो बिस्मार्कने! जर्मनीत १८७२ साली येशूसंघाविरुद्ध कायदा झाला आणि तेथील शेकडो विद्वान संघीयांना देश सोडावा लागला. त्यांतील कित्येकांचे पाय मुंबई-पुण्याला लागले. गणित, पदार्थविज्ञान, ग्रीक-लॅटिन यांत पारंगत असलेली ही माणसे युरोपातील कोणत्याही विद्यापीठात शोभली असती. ती आपल्या मुलांना भूमितीची प्रमेये शिकवू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ साली, इंग्रज सरकारने याच संघीयांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून प्रथम स्थानबद्ध केले आणि मग 'गोलकोंडा' जहाजात बसवून परत पाठविले. एकदा येशूसंघीय म्हणून जर्मनीने घालविले, दुसऱ्यांदा जर्मन म्हणून हिंदुस्थानातून घालविले. मुंबईचे आर्चबिशप युर्गन्स १९१६ साली वारले आणि त्यांच्या जागी इंग्लिश येशूसंघीय ऑल्बन गुडियर १९१९ साली आले. १९२१ पासून स्पेनमधील येशूसंघीयांनी मुंबई मिशनचा भार उचलला. शाळा बंद पडल्या नाहीत. मॅट्रिकचे वर्ग चालू राहिले.

येथवर सारी गौरवगाथा आहे, आणि आपल्या स्मरणिकांतून ती वारंवार छापली जाते. आता दुसरी बाजू.

१८८२ साली शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी हंटर आयोग आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आयोगापुढे निवेदन ठेवले. जोतीराव स्वतः पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनरी शिक्षणाचे मोल त्यांना ठाऊक होते. त्यांची तक्रार अशी, की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्या शेतकऱ्याच्या करातून तो येतो त्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही. आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या दोन वाटा सुचविल्या: एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यवहारोपयोगी. दुसऱ्या वाटेवर कोणी फिरकलेच नाही. पालकांना मॅट्रिक हवी होती, कारण मॅट्रिकला नोकरी होती.

जोतीरावांची ती तक्रार आपल्या घरालाही लागू होती. सेंट व्हिन्सेंट्समध्ये मॅट्रिकचे वर्ग भरत होते त्याच दशकांत येशूसंघीय फादर नगर जिल्ह्यात घोड्यावरून आणि बैलगाडीतून गावोगाव हिंडत होते. खेड्यांतील दलित कुटुंबे ख्रिस्तसभेत येत होती. त्यांच्यासाठी शाळा निघाल्या त्या वेगळ्या: एक मास्तर, एक खोली, कित्येकदा तीच खोली प्रार्थनेची, मराठी चार बुके आणि धर्मप्रश्नोत्तरी. मास्तर सकाळी पाढे घ्यायचा, संध्याकाळी जपमाळ सांगायचा. या मास्तरांनी जे काम केले त्याला तोड नाही, आणि त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही ही खंत आम्हांस आहे. पण त्या खोलीतून निघालेली वाट चौथीच्या पुढे कोठेच जात नव्हती. वरती मॅट्रिकचा जिना होता, खाली चौथीचा ओटा होता, आणि मधल्या पायऱ्याच कोणी बांधल्या नव्हत्या. दोन्ही ठिकाणी चालक एकच. दोन्हींत मिस्साही तीच. अंतर होते ते फीचे आणि भाषेचे.

भाषेचा मुद्दा केवळ आपल्यापुरता नव्हता. विद्यापीठानेही १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या होत्या आणि त्यांना परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना अखेरच्या वर्षांपर्यंत झगडावे लागले. आमच्या शाळांनी विद्यापीठाच्या दारावर बघून आपले दार घडविले, एवढेच. तरीही स्टीफन्स यांच्या वारसांनी त्या गोष्टीला थोडा अधिक विरोध करावयास हवा होता असे वाटते. अपवाद नव्हते असे नाही. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यातून 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. चार वर्षांनी ते पुण्याचे बिशप झाले. महायुद्धामुळे त्यांना धर्मप्रांतापासून दूर राहावे लागले, मध्यंतरी जपानमधील हिरोशिमा येथे काम करावे लागले, आणि १९२७ साली ते पुण्यास परत आले. सेंट व्हिन्सेंट्स ज्या धर्मप्रांतात, त्याच धर्मप्रांताच्या या बिशपने चार बुके शिकलेल्या वाचकासाठी मराठी मासिक काढावे, यात त्यांनी ती मधली पोकळी ओळखली होती असे आम्ही मानतो.

नगर जिल्ह्यात निदान चौथीचा ओटा तरी होता. आमच्या अहमदपूरची कथा आणखी निराळी. हे गाव निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. राजधानी हैदराबादेत मुलग्यांची ऑल सेंट्स ही कॅथोलिक शाळा १८५५ पासून होती. म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्सपेक्षा चौदा वर्षांनी जुनी. पण अहमदपूरच्या मजुराच्या मुलाला हैदराबाद काय आणि रोम काय, सारखेच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्याने एक मोठे धाडस केले: उच्च शिक्षण इंग्रजीतून न देता देशी भाषेतून दिले. ती देशी भाषा मात्र उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला कॉलेजच्या दाराशी आणखी एक कुलूप भेटले. म्हणूनच मराठवाड्यात मराठी शाळा काढणे हे केवळ शिक्षणाचे काम राहिले नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ हेच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, हा योगायोग नव्हे. अंबाजोगाई अहमदपूरपासून फार लांब नाही. या भागातील मुलांना कॉलेजच्या दिशेने नेणाऱ्या पायऱ्या अशा शाळांनी बांधल्या. आम्ही त्या बांधल्या नाहीत, हे मान्य करावयास हवे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ साली अहमदपूर तालुका बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आला, १९८२ साली लातूर जिल्ह्यात. विद्यापीठही बदलत गेले: प्रथम उस्मानिया, १९५८ पासून औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ, १९९४ पासून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. गाव जागचे हलले नाही, पण एका घरातल्या आजोबांची परीक्षा उर्दूत, वडिलांची मराठीत, आणि नातवाची वैद्यकीय प्रवेशाची बहुधा इंग्रजीत! आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. मुंबई-पुण्याच्या त्या चार शाळांनी तोवर शताब्दी साजरी केली होती.

आणि नेमक्या त्याच सुमारास कॉलेजचे दार स्वतःच्या जागेवरून सरकले. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची नव्या आकृतिबंधातील पहिली परीक्षा झाली, अकरावी-बारावीची कनिष्ठ महाविद्यालये आली आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली. विद्यापीठाची तयारी करून घेण्याचे काम शाळेकडून निघून बारावीकडे गेले. हा बदल कोणी ओळखला असेल तर लातूरने. ज्याला पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले त्यात सराव परीक्षा होत्या, आठवड्याची उजळणी होती, एक भाग पक्का झाल्याखेरीज पुढे न जाण्याचा हट्ट होता. वाचकांच्या ध्यानात आले असेलच, की हे १५९९ च्या नियमावलीतील पानच जणू मराठवाड्यात पुन्हा लिहिले गेले. नाटक आणि वक्तृत्व तेवढे गळाले. फी मात्र राहिली, आणि ती वाढली.

राहता राहिला 'मुलग्यांची शाळा' हा शब्द. पोप अकराव्या पायस यांनी १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रकात मुलेमुली एकत्र शिकण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली होती. आमच्या पिढीचे शिक्षक त्याच छायेत वाढले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यात प्रत्येक माणसाचा शिक्षणाचा हक्क प्रथम मांडला आणि गरिबांकडे लक्ष देण्यास बजाविले. त्यानंतर १९७३ साली, संत इग्नाशियस यांच्या सणाच्या दिवशी, येशूसंघाचे सर्वाधिकारी फादर पेद्रो अरुपे स्पेनमधील वालेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. समोर बसलेले लोक यशस्वी होते, संघाच्या उत्तम शाळांतून आलेले होते. अरुपे यांनी विचारले, आम्ही तुम्हांला न्यायासाठी घडविले काय? आणि स्वतःच प्रांजळपणे उत्तर दिले की नाही, जितके घडवायला हवे होते तितके नाही. श्रोत्यांपैकी काहीजण रागावले. शाळांनी इतरांसाठी जगणारे पुरुष घडवावेत, हे त्यांचे सूत्र तेव्हापासून जगभर झाले. पुढे त्यात स्त्रियांचाही समावेश करावा लागला. सूत्राला जी दुरुस्ती लागली, ती शाळेला लागू नये काय?

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना पुढच्या भेटीत सांगितले, अर्थात इतक्या सनावळीसह नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. फीची गोष्ट त्यांना विशेष लागली. "म्हंजी आधी फुकट होतं व्हय?" असे त्यांनी दोनदा विचारले. मुलाचे नाव लातूरला विज्ञान शाखेत घालण्याचे त्यांनी ठरविले होते. त्यासाठी एका नातेवाइकाकडून उसने पैसे घेतले होते. धाकटी मुलगी नववी पास झाली होती. ती दारापाशी उभी होती. तिचे काय, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ती हितंच शिकंल की, फादर. पोरगी हाय."

आम्ही तिची गुणपत्रिका मागितली. ती घरी धावत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली गुणपत्रिका घेऊन आली. गणितात तिला भावापेक्षा अकरा गुण जास्त होते. वडिलांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला.